ऑनलाइन पैसे गेले तर पहिल्या तासात काय करायचं, आणि त्याआधी काय करून ठेवायचं

नागपुरातल्या दोन प्रकारच्या माणसांसाठी हे लिहितो आहे. एक म्हणजे वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी), रेल्वे, शाळा-कॉलेज किंवा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, ज्यांची आयुष्यभराची पुंजी आता मुदत ठेवीत आहे आणि हातात मुलांनी घेऊन दिलेला फोन आहे. दुसरे म्हणजे गडचिरोली, गोंदिया, यवतमाळहून शिकायला आलेली मुलं-मुली, ज्यांचं पहिलं बँक खातं, पहिलं यूपीआय आणि पहिली भाड्याची खोली एकाच महिन्यात सुरू होते. फसवणारे या दोघांच्याही मागावर असतात. पहिल्यांकडे पैसा असतो, दुसऱ्यांकडे कोणताही डाग नसलेलं कोरं खातं असतं. हे खातं त्यांना कशाला हवं असतं, ते पुढे नवव्या पायरीत सांगितलं आहे.

त्रिमूर्तीनगरला राहणाऱ्या माझ्या मामांच्या खात्यातून मोठी रक्कम गेली, तेव्हा हेल्पलाइन, बँक, पोर्टल, पोलीस ठाणं आणि शेवटी कोर्ट असा सगळा रस्ता मी त्यांच्यासोबत चाललो. प्रत्येक खिडकीवर आम्हाला जे उशिरा कळलं, ते तुम्हाला आधीच माहीत असावं एवढ्यासाठी हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या. चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांत फिरावं तसा तो पहिल्या खात्यातून चार खात्यांत, तिथून आणखी दहा खात्यांत जातो आणि कुठेतरी एटीएममधून रोख निघतो. रोख निघायच्या आत मधल्या एखाद्या बँकेनं तो अडवला, तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणून घड्याळ महत्त्वाचं.

पायरी १ : एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा

हे काम आज करा. फसवणूक झाल्यावर माणसाचे हात कापतात, चष्मा सापडत नाही, आणि कधीकधी फोनच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. त्यामुळे माहिती फोनबाहेर, कागदावर हवी.

कागदावर हे असू द्या :

- १९३० (सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत)
- प्रत्येक बँकेचा कार्ड-खातं बंद करण्याचा नंबर. तो डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूला किंवा पासबुकवर छापलेला असतो, तिथूनच उतरवा
- बँकेचं नाव, शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक
- तुमच्या सिमकार्ड कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक
- फोनचा आयएमईआय क्रमांक. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो
- घरातल्या अशा एका माणसाचं नाव, ज्याला रात्री दोन वाजताही उठवता येईल

पिन, पासवर्ड आणि कार्डाच्या मागचा तीन आकडी क्रमांक या कागदावर लिहायचा नाही.

पायरी २ : फोन घट्ट करा

एका संध्याकाळचं काम आहे. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा, पण बटणं तुम्ही स्वतः दाबा. दुसऱ्यानं केलेलं लक्षात राहत नाही.

आधी सिमला पिन लावा. सीताबर्डीच्या गर्दीत किंवा गणेशपेठच्या एसटी स्टँडवर फोन गेला, तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि तुमचे ओटीपी त्याला येऊ लागतात. सिमवर पिन असेल तर ते तिथंच अडतं. सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून पर्याय असतो. कंपनीनं दिलेला मूळ पिन आधी विचारून घ्या, अंदाजानं टाकू नका. तीनदा चुकला तर सिम अडकतं.

मग व्हॉट्सअॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. तिथंच ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. ओळखीचा नसलेला संगणक किंवा फोन जोडलेला दिसला तर लगेच काढा. ईमेललाही दुहेरी पडताळणी हवीच. ईमेल गेला की बाकी सगळ्याचे पासवर्ड बदलायची किल्ली गेली.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आधारच्या अधिकृत अॅपमधून किंवा संकेतस्थळावरून ते मोफत होतं. आधार जोडलेल्या खात्यातून फक्त अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात, आणि जमिनीच्या खरेदीखतांवरून असे ठसे चोरून पैसे काढल्याचे प्रकार देशात झाले आहेत. शेतीवाडी विकलेली असेल तर हे अजिबात टाळू नका. रेशन किंवा नव्या सिमसाठी अंगठा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं.

‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो. हरवलेला फोन आयएमईआयवरून बंद करण्याची सोयही तिथंच आहे. त्यासाठी पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते.

आता माझं मत, आणि या पायरीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. यूपीआयला पेन्शनचं किंवा ठेवीचं खातं जोडूच नका. वेगळं छोटं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या भाजीपाल्यापुरते पैसे ठेवा आणि तेवढंच यूपीआयला जोडा. नेट बँकिंगची रोजची मर्यादाही गरजेपुरती खाली आणा. बँका ती स्वतःहून कमी करत नाहीत, ग्राहकाला अॅपमधून करता येते. मामांच्या बाबतीत एवढं एक झालं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

पायरी ३ : सापळा ओळखा

प्रकार पुष्कळ आहेत. मी तीनच सविस्तर सांगतो, कारण सध्या आपल्याकडे जास्त नुकसान त्यांनी होतंय.

*चलानाची, लग्नपत्रिकेची, वीजबिलाची फाइल.* व्हॉट्सअॅपवर एक फाइल येते. नाव असतं आरटीओ चलान, शादी का कार्ड किंवा वीजबिल अपडेट, आणि शेवटी लिहिलेलं असतं डॉट एपीके. ही फाइल म्हणजे अख्खं अॅप असतं. ते बसवलं की तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मग ओटीपी तुमच्याआधी चोराला मिळतो. मामांना ही फाइल त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या नंबरवरून आली होती, कारण त्या सहकाऱ्याचं व्हॉट्सअॅप आधीच गेलेलं होतं. मामांनी ओटीपी कोणाला सांगितला नाही, कोणाचा फोन उचलला नाही, तरी रात्रीतून पैसे गेले. म्हणून ‘ओळखीच्यानं पाठवलंय’ हा भरवसा धरू नका. चलान खरं आहे का ते परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. ‘आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर महावितरणच्या अॅपवर ग्राहक क्रमांक टाकून बिल बघा. मेसेजमधल्या नंबरला हात लावू नका.

*डिजिटल अरेस्ट.* फोन येतो : “आपके नाम से पार्सल पकड़ा गया है.” मग कॉल ‘मुंबई क्राइम ब्रँच’ किंवा ‘सीबीआय’कडे जोडला जातो. व्हिडिओवर खाकी गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ, हातात तुमच्या नावाचं वॉरंट. तुमचा आधार क्रमांक तो वाचून दाखवतो, त्यामुळे विश्वास बसतो. मग आज्ञा सुटते : कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरच्यांना सांगायचं नाही, नाहीतर त्यांनाही अटक होईल. शेवटी ‘तपासणीसाठी’ ठेवी मोडून पैसे एका ‘सरकारी खात्यात’ भरायला लावतात.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. कोणतंही पोलीस ठाणं, कोर्ट किंवा तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे भरायला सांगत नाही. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून याबद्दल सावध केलं होतं. तरी शिकलेसवरलेले लोक अडकतात, कारण हा सगळा खेळ माणसाला एकटं पाडण्यावर चालतो. आमच्या अपार्टमेंटमधल्या एका निवृत्त शिक्षकांना सकाळपासून असंच खोलीत कोंडून ठेवलं होतं. दुपारी काकूंनी दार वाजवून विचारलं, “अहो, जेवायचं सोडून कोणाशी बोलून राहिले तुम्ही एवढ्या वेळचे?” सर दार उघडून बाहेर आले, काकूंना सगळं सांगितलं आणि कॉल कापला. पैसे वाचले. घरातलं माणूस बंद खोलीत तासन्‌तास कॉलवर असेल आणि विचारल्यावर घाबरून गप्प बसत असेल, तर संकोच न करता दार उघडायला लावा. बँकेत ठेव मोडायला अचानक निघालं असेल तर सोबत जा.

*शेअर बाजाराचा ग्रुप आणि घरबसल्या कामाचा ग्रुप.* पहिल्यात नफा अॅपच्या पडद्यावर वाढताना दिसतो, दुसऱ्यात व्हिडिओ लाइक करण्याचे शंभर-दोनशे रुपये खरोखर मिळतात. ते देतात ते विश्वास बसावा म्हणून. पैसे काढायला गेलात की ‘आधी कर भरा’, ‘आधी खातं अनलॉक करा’ सुरू होतं. शेअर बाजारातला दलाल सेबीकडे, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतं. स्वतःचाच नफा काढायला आधी पैसे भरायला सांगणारा चोर असतो, यात अपवाद मला तरी दिसलेला नाही.

बाकीचं थोडक्यात. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅनही लागत नाही. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधल्यावर वर दिसणाऱ्या पहिल्या निकालावरून घेऊ नका, तिथं कोणीही आपला नंबर टाकू शकतो. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते घ्यायला लावले आहेत, त्यामुळे बँकेच्या पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा. ‘एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचा पडदा दाखवणारं अॅप) टाका, मी दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्याला फोनचा पडदा दाखवू नका. आणि स्टार चारशे एक स्टार असा काही आकडा डायल करायला सांगितला तर समजा की तुमचे कॉल दुसरीकडे वळवले जाताहेत.

पायरी ४ : पैसे गेले. पहिला तास

रडायला, एकमेकांना दोष द्यायला नंतर वेळ मिळेल. क्रम असा ठेवा.

एक. फोनमध्ये संशयास्पद अॅप असेल तर आधी इंटरनेट आणि वायफाय बंद करा, आणि पुढचे सगळे कॉल घरातल्या दुसऱ्याच्या फोनवरून करा. फोन फॉरमॅट करू नका, अॅप काढू नका, मेसेज पुसू नका. मामांनी घाबरून आधी सगळे मेसेज पुसले, आणि मग व्यवहार क्रमांक मिळवायला आम्हाला बँक उघडेपर्यंत थांबावं लागलं.

दोन. १९३० लावा. लाइन व्यस्त लागू शकते. एकानं तो नंबर लावत राहायचं, दुसऱ्यानं त्याच वेळी बँकेचा नंबर लावायचा. घरात दोन माणसं असतील तर कामं वाटून घ्या.

तीन. बँकेला सांगून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला लावा. ‘कार्ड ब्लॉक केलं’ म्हणजे यूपीआय बंद झालं असं होत नाही, वेगळं विचारा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

चार. त्याच बँकेत ठेवी असतील तर त्या ऑनलाइन मोडता येतात का ते विचारा आणि तो रस्ताही बंद करायला सांगा. ठेवीला हात लागलेला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

१९३० वर जे विचारतात ते असं : तुमचं नाव आणि मोबाइल, बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, किती रक्कम, कोणत्या तारखेला किती वाजता, आणि व्यवहार क्रमांक. हा शेवटचा क्रमांक सगळ्यात कामाचा. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो आणि मेसेजमध्ये ‘यूपीआय रेफ’ किंवा ‘यूटीआर’ या अक्षरांपुढे दिसतो. रक्कम पाच वेळा गेली असेल तर पाचही क्रमांक सांगायचे, कारण प्रत्येक वाट वेगळ्या खात्याकडे गेलेली असू शकते. कोणता क्रमांक मिळत नसेल तर त्यासाठी अडून बसू नका. जेवढे आहेत तेवढे देऊन तक्रार नोंदवा.

तक्रार नोंदली की मेसेजवर पोचपावती क्रमांक येतो. तो पायरी १ च्या कागदावर लिहा. इथून पुढे प्रत्येक ठिकाणी आधी तोच विचारतात.

पायरी ५ : पोर्टलवर पूर्ण तक्रार

१९३० वरचा फोन ही सुरुवात आहे. पूर्ण माहिती राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर भरावी लागते, आणि ती चोवीस तासांच्या आत भरा. पत्ता सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. तो हातानं टाइप करा. शोधून आलेल्या दुव्यावर जाऊ नका, हुबेहूब नकली पानं असतात.

जवळ हे तयार ठेवा :

- बँकेचं स्टेटमेंट, ज्यात गेलेले व्यवहार दिसतात (पीडीएफ)
- बँकेच्या मेसेजचे, चॅटचे, फसव्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, ज्यात नंबर आणि वेळ दिसते
- समोरच्याचा मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता, जे असेल ते
- तुमचं ओळखपत्र

घटनेचं वर्णन आधी कागदावर लिहून घ्या. तारीख, वेळ, काय आलं, तुम्ही काय केलं, किती गेलं, या क्रमानं, साध्या वाक्यांत. भावना, संशय, शिव्या नकोत. ‘मला वाटतं शेजाऱ्यानंच केलं असेल’ हे तर नकोच. आणि तुमच्या हातून काही दिलं गेलं असेल, ओटीपी सांगितला असेल किंवा लिंक दाबली असेल, तर तेही खरं लिहा. तपासाला त्यातूनच धागा मिळतो.

पायरी ६ : बँकेत लेखी अर्ज

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. फोनवर खातं बंद केलं तरी दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन अर्ज द्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘ईमेल करा, चालेल’ म्हणाले तरी शिक्का सोडू नका. आम्हाला एका शाखेनं दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा शाखाधिकाऱ्यांसमोर बसून शिक्का घेतला आणि पुढे तोच कागद उपयोगी पडला.

रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल जे नियम घातले, त्यांचा सार असा. बँकेच्या त्रुटीमुळे पैसे गेले असतील तर ग्राहकावर बोजा नाही. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्या यंत्रणेत काही झालं, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही तुमच्यावर बोजा नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित बोजा. मात्र तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कोणत्या दिवशी, किती वाजता कळवलं याचा पुरावा हातात हवा.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीचा क्रमांक १४४४८.

पायरी ७ : पोलीस ठाणं आणि त्यानंतरचं कोर्ट

नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयाचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे, पण तक्रार घेऊन तुमच्या भागातल्या ठाण्यातही जाता येतं. काटोल, उमरेड, रामटेककडची मंडळी ग्रामीण पोलिसांकडे येतात. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं उत्तर मिळालं तर शांतपणे शून्य क्रमांकाच्या एफआयआरची मागणी करा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. एक गोष्ट माहीत असू द्या : माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. ठाण्यात गेल्यावर निरीक्षक कधी भेटतील ते विचारून वेळ ठरवा, म्हणजे हेलपाटे वाचतात.

सोबत न्या : पोर्टलच्या तक्रारीची छापील प्रत, शिक्का मारलेला बँकेचा अर्ज, स्टेटमेंट, स्क्रीनशॉटच्या प्रती, आधार, आणि तो मूळ फोन. फाइल एकच ठेवा आणि कागद तारखेप्रमाणे लावा. मामींनी शाळेच्या वहीला घालतात तसल्या खाकी कव्हरच्या फाइलवर पोचपावती क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. ठाण्यात, बँकेत, कोर्टात, सगळीकडे समोरच्या माणसानं आधी तो आकडा उतरवून घेतला.

पुढे काय होतं? मधल्या एखाद्या बँकेत रक्कम अडली असेल तर पोर्टलवर तशी नोंद दिसते. ती तुमच्या खात्यात परत यायला बऱ्याच प्रकरणांत न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तपास अधिकाऱ्यांना विचारा : किती रक्कम अडली, कोणत्या बँकेत, अर्ज कोणत्या कोर्टात करायचा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि इतर पात्र व्यक्तींना तिथं मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. हा टप्पा लांबतो. मामांना सगळी रक्कम मिळाली नाही, अडलेला भाग मिळाला, आणि तो मिळाला कारण तक्रार पहिल्या सकाळीच गेली होती.

पायरी ८ : ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’

पहिल्या फसवणुकीनंतर हा फोन हमखास येतो. कधी ‘सायबर तज्ज्ञ’ म्हणून, कधी ‘रिझर्व्ह बँकेतून’, कधी ‘१९३० मधूनच’ म्हणून. तुमची रक्कम मंजूर झाली आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा. फसलेल्या लोकांच्या याद्या या टोळ्या एकमेकांना विकतात. पैसे परत द्यायला कोणतंही सरकारी खातं शुल्क मागत नाही आणि पोलीस यूपीआयवर पैसे घेत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण तेव्हा मन फार हळवं झालेलं असतं आणि आशा दाखवणाऱ्यावर पटकन विश्वास बसतो.

पायरी ९ : आपलं खातं, आपलं सिम, आपलं बोट

आता विद्यार्थ्यांसाठी, आणि हे मी हात जोडून सांगतो.

होस्टेलवर, चहाच्या टपरीवर, टेलिग्रामवर कोणीतरी म्हणतं : तुझं खातं आणि सिम महिनाभर दे, दर व्यवहारामागे कमिशन देतो. ‘गेमिंगचे पैसे आहेत’, ‘टॅक्सचा प्रॉब्लेम आहे’ असं कारण असतं. वर सांगितलेल्या वाफ्यांतला पहिला वाफा म्हणजे हेच खातं. पैसे कुणाच्या तरी मामांचे असतात, आणि पोलीस आधी पोचतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याकडे. कमिशन चार-पाच हजारांचं, आणि नावावर गुन्हा, गोठलेलं खातं, पोलीस पडताळणी लागणाऱ्या नोकरीवर पाणी. खातं, चेकबुक, एटीएम कार्ड, खात्याला जोडलेलं सिम यातलं काहीही मित्रालाही देऊ नका. दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन खातं बंद करा आणि पोलिसांना स्वतःहून सांगा.

दुसरं, फॉरवर्ड. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भटक्या समाजातल्या पाच माणसांना ठार मारलं. त्याआधी तशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. मार्च २०२५ मध्ये आपल्या नागपुरात महाल-हंसापुरी भागात दंगल झाली, तेव्हाही समाजमाध्यमांवरच्या अफवांनी आगीत तेल ओतलं. अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि पोस्ट टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. तणावाच्या दिवशी व्हिडिओ आला तर तो कुठला, कधीचा हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नका. सोसायटीच्या ग्रुपवर ‘सावधान’ म्हणून अनोळखी माणसाचा फोटो टाकू नका. संशय असेल तर ११२ ला कळवा. दुसऱ्यांच्या मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय टाकू नका.

पायरी १० : दुकानदाराचं खातं अचानक गोठलं तर

ही वेळ तर्री-पोह्याच्या गाडीवाल्यावर, किराणा दुकानदारावर, मोबाइल दुरुस्तीवाल्यावर येते. कोणीतरी क्यूआरवर पैसे देतो, ते पैसे चोरीचे निघतात, आणि दुसऱ्या राज्यातल्या तक्रारीवरून खात्यावर टाच येते. घाबरून दलाल गाठू नका. बँकेकडून लेखी विचारा : कोणत्या तक्रारीवरून, कोणत्या राज्याच्या पोलिसांनी, किती रकमेसाठी. मग तो व्यवहार खरा असल्याचे पुरावे (बिल, वहीतली नोंद, ग्राहकाशी झालेलं बोलणं) जोडून त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवा, प्रत बँकेला द्या. सगळं खातं न गोठवता फक्त वादातली रक्कम अडवावी अशी स्पष्ट मागणी अर्जात करा. आठशे रुपयांसाठी अख्खं खातं बंद असेल तर हे लिहून मागणं फार गरजेचं आहे. आणि एक करून ठेवा : धंद्याचं खातं आणि घराचं खातं वेगळं.

पायरी ११ : फोटोवरून धमकी आली तर

अनोळखी व्हिडिओ कॉल, पडद्यावर अचानक अश्लील चित्र, आणि मग ‘तुझ्या सगळ्या नातेवाइकांना पाठवतो’. किंवा जुन्या ओळखीतल्या कोणाकडे असलेले खासगी फोटो. किंवा साध्या फोटोवरून बनवलेले खोटे.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅटचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलचा पत्ता कॉपी करा, मग ब्लॉक करा. पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार संबंधित व्यक्तीनं तक्रार केली की असे फोटो काढून टाकणं कंपन्यांवर बंधनकारक आहे, म्हणून त्या अॅपमध्येही रिपोर्ट करा. अठरा वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सोय आहे. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याची फक्त सांकेतिक खूण सहभागी कंपन्यांकडे जाते आणि तो त्यांच्याकडे टाकला जाऊ नये म्हणून अडवला जातो. लहान मुलांसाठी १०९८. नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये महिलांना समुपदेशनही मिळतं.

आईवडिलांनो, मुलगी किंवा मुलगा हे सांगायला आला तर पहिल्या पाच मिनिटांत ‘तू फोटो पाठवलाच का’ विचारू नका, फोनही हिसकावून घेऊ नका. पुरावा त्या फोनमध्येच आहे, आणि पुढची सगळी माहिती त्याच्याच तोंडून यायची आहे. रात्री झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. मराठीतही बोलता येतं. तोही त्या कागदावर लिहून ठेवा.